एल१ बिंदू ‘गुरुत्वशून्य’ नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आदित्य-एल१ यानाविषयी काही छापून आले की ‘सूर्य आणि पृथ्वी यांचे गुरुत्वाकर्षण जिथे एकमेकांना रद्द करते, तिथे हे यान आहे’ हे वाक्य हटकून वाचायला मिळते. ते चुकीचे आहे. पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने सुमारे १५ लाख किलोमीटरवरील या एल१ बिंदूपाशी सूर्याची ओढ पृथ्वीच्या ओढीच्या तीस पटींहून अधिक भरते. दोन्ही ओढी खरोखर सारख्या होतात ते ठिकाण पृथ्वीपासून जेमतेम २ लाख ६० हजार किलोमीटरवर, चंद्राच्या कक्षेच्याही आत आहे. (चंद्रावरसुद्धा पृथ्वीपेक्षा सूर्याचीच ओढ दुपटीहून थोडी अधिक आहे, हे सहसा कुणाला खरे वाटत नाही!) शिवाय दोन्ही ओढी सारख्या होतात तिथे ठेवलेली वस्तू तिथे टिकणारही नाही, कारण चंद्राचा परिणाम सोडला, तर तिला वळवणारी ओढच उरत नाही आणि ती सरळ रेषेत निघून जाते, पृथ्वी मात्र सूर्याभोवती वळत राहते.

एल१पाशी वेगळेच घडते. पृथ्वीपेक्षा सूर्याच्या १ टक्क्याने जवळ असलेली वस्तू एकटी असती, तर तिने सुमारे ३६० दिवसांतच प्रदक्षिणा पुरी करून पृथ्वीला मागे टाकले असते. पृथ्वी तिला उलट बाजूने किंचित ओढून धरते, तेवढी सूर्याची ओढ कमी पडते आणि प्रदक्षिणेला बरोबर एक वर्ष लागते. बाकी उरलेली ओढ तिला सूर्याभोवती वळवण्यात खर्च होते.

गुरुत्वाकर्षण अडवणारा पडदा आजवर कुणाला सापडलेला नाही. ते निष्प्रभ करायचे तर समोर दुसरे बल उभे करावे लागते. एकेक किलोच्या दोन गोळ्यांवर प्रत्येकी सुमारे ५४ कोटी जादा इलेक्ट्रॉन चढवले, तर त्यांच्यातील विद्युत प्रतिकर्षण गुरुत्वाकर्षणाची अचूक बरोबरी करते. ५४ कोटी ही संख्या मोठी वाटते, पण एका गोळ्यातील अणूंच्या तुलनेत ती नगण्य आहे. दोन्ही बले अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटत असल्याने गोळे जवळ आणा वा दूर न्या, ही बरोबरी मोडत नाही. ‘रद्द होणे’ म्हणायचे ते याला.

एल१साठी ‘संतुलन बिंदू’ हा शब्द चालण्यासारखा आहे. ‘गुरुत्वशून्य बिंदू’ हा शब्द मात्र आपल्या दैनिकाने यापुढे वापरू नये, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक