मोज्यातलं माउथगार्ड

चि. माऊ,
अनेक आशीर्वाद.

आई तुझे धुवायचे कपडे हॉस्टेलवरून घेऊन आली. मोजे झटकले तर एकातून माउथगार्ड, ते खेळताना दातांवर बसवायचं संरक्षक कवच, टपकन खाली पडलं. वास असा की तिने नाकाला पदर लावला. फोनवर विचारलं तर तू म्हणालीस, "बाबा, ते घातलं की कबड्डी-कबड्डी म्हणताच येत नाही. पंचांनी चढाईच थांबवली."

तुझं खोटं नाही. बॉक्सिंगवाल्यांचं बरं असतं, तोंड मिटून खेळता येतं. आपल्याला दम धरून, पंचांना ऐकू जाईल असं बोलत खेळावं लागतं. आणि त्या गार्डाचा निम्मा दोष माझ्याकडे येतो. गरम पाण्यात मऊ करून चावायचं ते स्वस्तातलं मीच आणलं. पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त पाण्यात ठेवलं, तू कचकन चावलीस, तर दाढांखाली ते कागदासारखं पातळ झालं आणि टाळूकडे नुसता गोळा राहिला. वर सैल. सैल गार्ड पडू नये म्हणून दात आवळून ठेवावे लागतात, आणि दात आवळून कबड्डी कोण म्हणणार?

म्हणून आता दातांच्या डॉक्टरांकडून मापाचं करून घेऊ. ते थंडगार लगद्याचा ट्रे वरच्या दातांवर दाबतात. ओकारी येईल, मान थोडी पुढे घे आणि नाकाने श्वास घे. त्या मापावरून प्लास्टरचे दात करतात आणि ईव्हीए नावाच्या लवचीक प्लास्टिकची पत्री तापवून त्यांवर बसवतात. हेच ईव्हीए आपल्या बुटांच्या तळव्यांतही असतं. असं गार्ड न चावता जागेवर राहतं आणि जीभ मोकळी असते. पैसे बरेच जास्त पडतील, पण त्याची काळजी तू करू नकोस. तुझ्या मागच्या दाढा अजून वर येतायत, म्हणजे वर्षभराने पुन्हा माप द्यावं लागेल, हेही मी धरून चाललोय.

तू डाव्या कोपऱ्यात खेळतेस म्हणून जास्त सांगतो. घोटा धरायला कोपऱ्यातला खेळाडू झेपावतो तेव्हा त्याचं तोंड नेमकं समोरच्याच्या टाचेसमोर येतं. माझा दात असाच गेला. पकड झाली होती, गुणही मिळाला. उठलो तेव्हा तोंडात खारट लागलं आणि समोरचा दात अख्खा, मुळासकट, लाल मातीत पडलेला. मित्रांनी काय करावं? नळाखाली धरून बनियनने खसाखसा घासला, रुमालात बांधला आणि माझ्या खिशात घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांपुढे रुमाल उघडला, तर ते मान हलवून म्हणाले, "आता काही उपयोग नाही." मुळावर नाजूक धागे असतात. ते घासले किंवा वाळले की संपलं.

तेव्हा नीट ऐक, आणि मैत्रिणींनाही सांग. पक्का दात निघून पडला तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलायचा, मुळाला बोट लावायचं नाही. माती लागली असेल तर दुधाने किंवा पाण्याने क्षणभर धुवायचा, घासायचा नाही. जमलं तर तिथेच खाचेत परत बसवून रुमाल चावून धरायचा. नाही जमलं तर गार दुधात टाकायचा आणि अर्ध्या तासात दवाखाना गाठायचा. तुमच्या मेसमध्ये दूध असतं, मी चौकशी केली आहे. आणि पडल्यावर गरगरलं, मळमळलं, तर दात शाबूत आहेत म्हणून खेळत बसू नकोस. गार्ड डोकं वाचवत नाही.

माझ्या त्या पडलेल्या दाताशेजारच्या दाताचं रूट कॅनाल करताना डॉक्टरांनी एक गंमत सांगितली. आत जे भरतात ते गटापर्चा, झाडाचा चीक. 1890च्या सुमारास लंडनच्या वूल्फ क्राउझ नावाच्या दंतवैद्याने बॉक्सरांसाठी त्याच गटापर्चाच्या पट्ट्या केल्या होत्या, ओठ फुटू नयेत म्हणून. म्हणजे माऊ, मीही माउथगार्ड घातलंय, फक्त ते दाताच्या आत आहे.

नव्या गार्डाचे लाड काही लागत नाहीत. खेळून झालं की गार पाण्याने धू, मऊ ब्रशने हलकं घास, थोडा साबण चालेल. गरम पाणी नको, खिडकीतलं ऊनही नको, आकार जातो. ओलं असताना बंद पिशवीत कोंबू नकोस. चढाईची वाट बघताना ते चघळायची तुझी सवय आहे, आईने पाहिलंय. कुणाला वापरायला देऊ नकोस, मागायला कर्णधार आली तरी. चीर पडली की मला कळव.

शनिवारी सकाळच्या एसटीने येतो. साडेअकराची वेळ घेतली आहे, दात घासून तयार राहा. डबी मी आणतोय. झाकणाला दोनच भोकं होती, दाभण तापवून आणखी चार पाडली आहेत.

तुझा,
बाबा