लोफोटेन सहल: रविवारच्या बैठकीची सूचना

नमस्कार मंडळी,

नॉर्वेतल्या लोफोटेन बेटांच्या सहलीला नाव दिलेल्या बाराही जणांनी येत्या रविवारी सकाळी १० वाजता नेहमीच्या सभागृहात यावे. पासपोर्टची मूळ प्रत आणि झेरॉक्स आणा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने वैध हवा. शेंगेन व्हिसासाठी (नॉर्वेसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा) निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. बोटांचे ठसे द्यायला प्रत्येकाला स्वतः जावे लागेल.

मेअखेर मुद्दाम निवडली आहे. हिवाळ्यात पकडलेला कॉड मासा तिथे लाकडी मांडवांवर, मीठ न लावता, नुसत्या गार वाऱ्यावर वाळवतात. तो उतरवण्याआधी आपण पोहोचू. वास येतो, आधीच सांगते! मध्यरात्रीचा सूर्यही (रात्रभर न मावळणारा) त्याच सुमारास सुरू होतो, म्हणून झोपेसाठी डोळ्यांवरची पट्टी घ्या.

बोडो शहराहून लोफोटेनमधल्या मोस्केनेसपर्यंत तीन-चार तासांचा फेरीबोटीचा प्रवास आहे. बोट लागणाऱ्यांनी गोळी आधी घ्यावी. राहणे रेइने गावात, कोळ्यांच्या लाल लाकडी घरांत. खोल्या लहान, जिने अरुंद. मोठ्या बॅगा नकोत.

रेइनेब्रिंगेनचा डोंगर (४४८ मीटर) ऐच्छिक आहे. नेपाळी शेर्पांनी बांधलेल्या सुमारे २००० दगडी पायऱ्या आहेत. गुडघे दुखत असतील तर खाली थांबा. पाऊस असल्यास कोणीच चढायचे नाही, गाइडचा शब्द अंतिम.

- छत्री नको, वाऱ्यात टिकत नाही. रेनकोट आणा.
- चलन क्रोन, पण कार्ड जवळपास सगळीकडे चालते.
- शाकाहारींनी थेपले, मेतकूट सोबत ठेवावे.

येणार नसाल तर शुक्रवारपर्यंत कळवा.