गरिबीची पुस्तकं मुलांना पूर्ण वाचू द्या

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत सुट्टीतल्या वाचनासाठी पुस्तकांची यादी आली होती. हलाखीत बालपण काढलेल्या लेखकांची आत्मकथनं तिच्यात 'प्रेरणादायी' या मथळ्याखाली घातली आहेत. पुस्तकांची निवड चांगली आहे, पण त्या मथळ्याशी माझं भांडण आहे.

मी फलटण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवत होते. निवृत्तीनंतर, हंगामात ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांच्या मुलांना संध्याकाळी गोष्टी वाचून दाखवते. दिवाळीच्या सुमारास बीडकडून टोळ्या येतात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम, म्हणजे उचल, फेडायची असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि पहाटे अंधारातच फडात जातात. थोरली पोर असेल तर ती धाकट्याला कडेवर घेऊन कोपीवर, म्हणजे झोपडीवर थांबते, चूल बघते, पाणी आणते. वर्षातले पाच-सहा महिने या मुलांचं घर म्हणजे पाचटाची कोपी. त्यांना काय वाचून दाखवावं, हा प्रश्न मला रोज पडतो.

एकदा दया पवारांच्या 'बलुतं' या आत्मकथनातला कावाखाना या वस्तीचा भाग घेतला. मुंबईतली दहा बाय बाराची एकेक खोली, तिच्यात दोन-तीन पोटभाडेकरू, आणि मधे भिंत म्हणून लाकडी खोकी. एका मुलानं काठीनं जमिनीवर खोली आखली. पावलं टाकून लांबी-रुंदी मोजली, रेघा मारून तिचे तीन वाटे केले आणि मग चूल कुठं असेल यावरून मुलांची हमरीतुमरी सुरू झाली. बायका शहरभर फिरून चिंध्या, कागद, काचा, लोखंड गोळा करायच्या, हे वाचलं तेव्हा सगळी गप्प बसून ऐकत होती. पुढं कावाखान्यातला मुलगा मोठा लेखक झाला, हे मी सांगितलं, त्याचं कुणाला फारसं काही वाटलं नाही. एका मुलीनं विचारलं, "बाई, पण त्यांनी गाव सोडलं कशापायी?"

हाच प्रश्न खरा आहे आणि पुस्तकात त्याचं उत्तर आहे. महारांनी गावकीची कामं रात्रंदिवस करायची आणि त्याचा मोबदला म्हणजे दारोदार मागून आणलेली भाकरी, असा तो व्यवहार होता. मी तो समजावून सांगितला. त्यावर ती म्हणाली, "आमची उचल फिटत नाही, तसंच की."

आता 'प्रेरणा'वाले असली पानं कशी बाजूला ठेवतात ते सांगते. काही वर्षांपूर्वी एका आंतरशालेय कथाकथन स्पर्धेत आमच्या शाळेची मुलगी 'उचल्या' या आत्मकथनातला उतारा घेऊन उभी राहणार होती. आयोजकांनी उतारा आधी मागवला आणि परत पाठवला, कारण 'शेवट सकारात्मक नाही'. त्याऐवजी लेखकाला पुरस्कार मिळाल्याचं सांगावं, अशी सूचना होती. लक्ष्मण गायकवाडांच्या या पुस्तकाला 1988 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, हे खरंच आहे. पण ते पुस्तक त्यासाठी लिहिलेलं नाही. इंग्रजांनी 1871 साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, त्यांना पोलिसांची हजेरी लावली. कायदा 1952 साली गेला, संशय गेला नाही. त्या संशयाखाली एक लहान मूल कसं वाढतं, हे त्यात आहे. पोलिसांची धाड गाळून फक्त जिद्द सांगितली, की ऐकणाऱ्याला वाटतं, बाकीच्यांमध्येच जिद्द कमी असणार. कोपीतल्या पोरीला हे ऐकवायचं? तिची आई पहाटेपासून मोळ्या डोक्यावरून वाहते, तिच्यात काय कमी आहे?

लक्ष्मण मान्यांच्या 'उपरा'तलं गाढवावरचं बिऱ्हाड आणि टोपल्यांसाठी आणलेले फोक या मुलांना समजावून सांगावे लागले नाहीत. किशोर काळ्यांच्या 'कोल्हाट्याचं पोर'ची काही पानंही मी वाचली. मुलानं आईचं नाव लावलंय, ते खरं आहे का, असं त्यांनी पुन्हापुन्हा विचारलं. खरं आहे म्हटल्यावर मागं बसलेल्या एका मुलानं आपली वही माझ्यापुढं केली. त्यानंही वहीवर स्वतःच्या नावापुढं आईचंच नाव लिहिलं होतं. त्याबद्दल तो काही बोलला नाही, मीही विचारलं नाही.

ही पुस्तकं जशीच्या तशी सातवीच्या मुलांच्या हाती द्यावीत, असं माझं म्हणणं नाही. त्यांच्यात अत्याचार आहेत, शिव्या आहेत, काही प्रसंग मोठ्यांनाही सोसत नाहीत. निवड करावीच लागते. मात्र वयाकडे बघून निवडणं वेगळं आणि गरिबीची कारणं वगळून निवडणं वेगळं. 'या मुलांना आधीच दुःख काय कमी आहे, त्यात ही आणखी कशाला?' असं मला चांगली चांगली माणसं विचारतात. त्यांनी एकदा संध्याकाळी येऊन बसावं. आपल्यासारखं जगणं छापील पुस्तकात आहे आणि ते लिहिणाऱ्याला त्याची लाज वाटलेली नाही, हे कळल्यावर ही मुलं मोकळेपणानं बोलायला लागतात.

आमच्या फलटणात बेबीताई कांबळे राहत. दुकानात पुड्या बांधायला आलेल्या रद्दीतले कागद त्या वाचायच्या आणि घरच्यांपासून लपवून लिहायच्या. ते लिखाण कित्येक वर्षं तसंच दडून राहिलं. अभ्यासक मॅक्सिन बर्नसन यांच्या आग्रहामुळं ते बाहेर आलं, आधी 'स्त्री' मासिकात आणि 1986 साली 'जिणं आमुचं' या पुस्तकात. बाळंतिणीच्या पोटात अन्न नसायचं, तेव्हा काय केलं जायचं, हे तितक्या सरळपणे मराठीत फार थोड्यांनी लिहिलंय. पुढं बेबीताईंनी निंबुऱ्याला आश्रमशाळा काढली. इतक्या जवळची ही बाई, पण तालुक्यातल्या किती शाळांच्या कपाटात हे पुस्तक आहे, ते शिक्षकांनी स्वतःच उघडून बघावं. एका वाचनालयात मला सांगण्यात आलं, की आत्मचरित्रं प्रौढ विभागात आहेत, बालसभासदांना मिळत नाहीत.

'बलुतं', 'उपरा' ही पुस्तकं ग्रंथाली या प्रकाशन संस्थेनं वाचक चळवळ म्हणून लोकांपर्यंत नेली, तसं काम आता मुलांसाठी व्हायला हवं. या आत्मकथनांतल्या फक्त बालपणाच्या पानांचं एक स्वस्त, मोठ्या टायपातलं पुस्तक काढावं. लेखकांची किंवा त्यांच्या वारसांची रीतसर परवानगी घ्यावी. बोलीतले शब्द बदलू नयेत, तळटीपेत अर्थ द्यावा. पुरस्कार, पदं, सत्कार यांची पानं त्यात नकोत. राज्याचं साहित्य संस्कृती मंडळ कमी किमतीत पुस्तकं काढतं, त्याला हे अवघड नाही. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून घरोघरी जातं. त्याच्या दिवाळी अंकापासून असा एकेक उतारा छापायला सुरुवात करता येईल. कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि आमच्याकडे कोप्या उभ्या राहतात, त्याही त्याच सुमारास.

– एक निवृत्त शिक्षिका, फलटण (जि. सातारा)