शेवाळाचं डिझेल आणि हौदातली रेघ

मा. संपादक, सप्रेम नमस्कार,

मागच्या रविवारच्या पुरवणीत शेवाळापासून डिझेल करण्यावर लेख आला होता, वाचायला मजा आली, पण "शेवाळाला सुपीक जमीन लागत नाही आणि पाणीही फारसं लागत नाही" हे वाचलं आणि चहाचा कप खालीच ठेवला. जमिनीचं मान्य आहे, खडकाळ माळ पण चालतो. पाण्याचं कुणी सांगितलं राव?

मी सांगोल्याकडचा. लॉकडाऊनच्या आधी दोन वर्षं शेडच्या मागं स्पिरुलिना (खायचं निळं-हिरवं शेवाळ) केली होती, दहा बाय वीस फुटांचा हौद, आतून प्लास्टिकचा कागद, वीतभर पाणी, त्यात खायचा सोडा, मीठ, थोडा युरिया. हौदाच्या कडेला मी खिळ्यानं रेघ मारून ठेवलेली. एप्रिल-मे मध्ये रोज सकाळी बघावं तर पाणी त्या रेघेच्या सेंटिमीटरभर खाली, म्हणजे या एवढ्याशा हौदातून रोज साधारण १८५ लिटर पाणी हवेत जायचं. माल किती निघायचा? मलमलच्या कापडातून गाळून, पिळून, शेवया पाडून वाळवलं की चांगल्या दिवशी दीडशे ग्रॅम. लिटरमागं ग्रॅमसुद्धा पडत नव्हता.

बोअरचं पाणी मचूळ, त्यामुळं जेवढं उडेल तेवढं भरत गेलो की क्षार साठत जायचे, शेवटी हौद रिकामा करावा लागायचा. एकदा ते पाणी बांधावर सोडलं तर शेवग्याचं झाड वाळलं आणि तिथं अजून धड गवत येत नाही. "खाऱ्या पाण्यावर वाढतं" असं म्हणणाऱ्यांनी हे पण सांगावं की वरून भरायला गोडं पाणीच लागतं, आणि उरलेलं खारट पाणी कुठं सोडायचं ते पण.

आणि स्पिरुलिना सोपी हो, धाग्यासारखी असते म्हणून कापडात अडकते. तेलासाठी जी शेवाळं वापरतात त्यातली बरीच पाच-दहा मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), ती कापडातून सरळ पार जातात. उघड्या तळ्यात लिटरला साधारण अर्धा ग्रॅम शेवाळ असतं, म्हणजे किलोभर मालासाठी दोन हजार लिटर पाणी वेगळं करायचं, मग सेंट्रिफ्यूज (गरगर फिरवून पाणी काढायचं यंत्र), मग वाळवण, आणि हे सगळं कोळशाच्या विजेवर केलं तर मग हिरवं काय राहिलं त्यात?

अमेरिकेनं १९७८ ते १९९६ अशी अठरा वर्षं शेवाळाच्या इंधनावर सरकारी पैसा लावला, न्यू मेक्सिकोत रॉसवेलला तळी पण बांधली. एखाद्या दिवशी चौरस मीटरला दिवसाचा ५० ग्रॅमपर्यंत माल मिळाला पण रात्रीच्या थंडीनं सरासरी पार खाली आली. २००९ ला एक्सॉनमोबिल या तेल कंपनीनं ६० कोटी डॉलरपर्यंत खर्च करायची घोषणा केली आणि २०२३ ला हात झटकले. तिथल्याच नॅशनल रिसर्च कौन्सिलनं २०१२ च्या अहवालात हिशोब मांडलाय की एक लिटर पेट्रोलच्या तोडीचं शेवाळ-इंधन करायला पद्धतीनुसार ३ लिटरपासून ३,६५० लिटरपर्यंत गोडं पाणी लागू शकतं. आणि अमेरिकेचं फक्त ५ टक्के वाहतूक-इंधन असं करायचं म्हटलं तर वर्षाला ६० लाख ते दीड कोटी टन नायट्रोजन, म्हणजे खाली पकडलं तर तो देश वापरतो त्याच्या ४४ टक्के आणि वर पकडलं तर सगळ्यापेक्षा जास्त! आपल्याकडं खरिपात डीएपीच्या एका पोत्यासाठी रांग असते आणि त्यासोबत नको असलेल्या खताची बाटली पण गळ्यात मारतात, त्यात हे नवीन गिऱ्हाईक.

शेवाळ हवेतला कार्बन शोषतं असं म्हणतात, तो मुद्दा अर्धा खरा आहे. किलोभर शेवाळ साधारण १.८ किलो कार्बन डायऑक्साइड घेतं, पण तेल जाळलं की तो परत बाहेर. तो वायू कोळशाच्या चिमणीतून घेतला असेल तर कार्बन जमिनीखालचाच ना, फक्त दोनदा वापरला. उसनवारीच ती.

बरं, मी शेवाळाच्या विरोधात नाही. स्पेनमधे चिक्लाना म्हणून गाव आहे, तिथं गावाच्या सांडपाण्यावरच शेवाळ वाढवलं, पाणी पण साफ झालं, आणि वाळवायच्या भानगडीत न पडता ओलं शेवाळच कुजवून बायोगॅस केला, त्यावर गाड्या चालवल्या. वेगळं खत नाही, गोडं पाणी नाही. आपल्याकडं पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठा, भीमेतून उजनीत येतं आणि धरणाचं पाणी हिरवंगार होतं, तेच सोलापूरकर पितात. धरणातलं ते शेवाळ विषारी असू शकतं, त्याला हात लावा असं म्हणत नाही, पण त्याला सांडपाण्यातून मिळणारं खत पुण्यातच, एसटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या) आवारात तळी करून अडवा ना. नाहीतर उद्या माण-सांगोल्याच्या माळावर अनुदान घेऊन तळी होतील आणि पाणी टेंभू-म्हैसाळ उपसा सिंचन योजनांचं मागतील.

तेवढी पाण्याच्या वाक्याची दुरुस्ती छापा ही विनंती. माझा हौद अजून आहे, वरून जाळी लावून आता त्यात कोंबड्या ठेवल्यात.

एक वाचक, ता. सांगोला, जि. सोलापूर