आमच्यात एवढं काही नसतं

लोद (इस्रायल), १ जानेवारी २०२५

प्रिय फिलो,

चार महिने झाले, तुला धड पत्र नाही. तब्येत बरी, गुडघा तसाच. आज लिहितेय ते तुझी माफी मागायला.

मिरजेचं हॉस्टेल आठवतं? नाताळच्या आदल्या दिवशी मेट्रनने विचारलं, "उद्या तुमचा सण ना? रजा हवी?" आणि तू म्हणालीस, "आमच्यात एवढं काही नसतं." ईस्टरपर्यंत मी तुझ्याशी बोलले नाही. तुझ्या नेवऱ्यांचा डबा परत केला, तो तू गुपचूप माझ्या उशाशी ठेवलास, मुंग्या झाल्या आणि मध्यरात्री दोघी न बोलता चादरी झटकत बसलो!

फिलो, तेच वाक्य मी बोलले. हिब्रूत बोलले, पण वाक्य तुझंच.

कोणी मनाई केली नव्हती. आम्हा बिगर-ज्यू कामगारांना आपापल्या सणाची सुट्टी घेता येते, कायदाच आहे तसा. मी ज्या आजींना सांभाळते, त्यांच्या मुलीने स्वतःहून विचारलं, नाताळची सुट्टी हवी का. तिचा मुलगा सैन्यात राखीव ड्यूटीवर, तिचे डोळे सुजलेले. त्या आठवड्यात येमेनहून क्षेपणास्त्रं येत होती, रात्री सायरन व्हायचा. आमची इमारत जुनी, मिकलाट म्हणजे आसऱ्याची खोली खाली तळघरात, आणि आजींना जिना उतरवायला दोन माणसं लागतात. हे सगळं मला दिसत होतं. तरी "हो, मिस्सेला जायचंय, पण या वर्षी राहते" असं म्हणता आलं असतं ना? ते न म्हणता मी नाताळच नाही म्हटलं. रात्रभर मला पेत्र आठवत होता, येशूला ओळखत नाही म्हणणारा, आणि त्यानंतर आरवलेला कोंबडा.

पंचवीस तारखेला बुधवार होता. इथे तो साधा बुधवार. बँका उघड्या, शाळा भरलेल्या, बसला नेहमीची गर्दी. वरच्या मजल्यावरच्या रशियन बाईंच्या खिडकीत झाड आहे, दिवे आहेत, टोकावर चांदणीसुद्धा. पण त्या ज्यू, ते झाड नोवी गोदचं, म्हणजे नव्या वर्षाचं. जिन्यातून जाताना मी त्याच झाडाकडे बघत राहायचे. बेथलेहेम इथून जवळपास वसई-चर्चगेटएवढंच, पण गाझातल्या युद्धामुळे तिथल्या चौकात यंदाही झाड नव्हतं.

त्याच संध्याकाळी हनुक्काची, म्हणजे ज्यूंच्या दिव्यांच्या सणाची, पहिली मेणबत्ती होती. दोन्ही सण असे एका दिवशी क्वचित येतात, याआधी २००५ मध्ये आले होते. मी आजींचा हात धरून मेणबत्ती लावली. मग त्या मराठीत म्हणाल्या, "नाताळ नाही म्हणालीस पोरीला? मग दर रविवारी तुझं तोंड का उतरतं?"

त्या रेवदंड्याच्या, हे तुला लिहिलं होतं ना? तिकडे त्यांच्या लोकांना, म्हणजे कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंना, शनवार तेली म्हणत. "आमच्या आज्याचा घाणा शनवारी बंद," म्हणाल्या. "गिऱ्हाईक परत जायचं, पण विचारलं तर आजा कारण सांगायचा." एवढं बोलून सुफगानिया मागितला, तो त्यांचा तळलेला जॅमचा पाव. साखर बंद आहे त्यांची. मी अर्धा दिला.

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले. तेव्हा तुझा मेट्रनपुढचा चेहरा डोळ्यांपुढे आला. तूही घाबरली नव्हतीस, हो ना? नुसती दमली होतीस. सगळं समजावून सांगायचा कंटाळा. वीस वर्षं मी त्याला भ्याडपणा म्हणत आले. चुकले गं.

दुसऱ्या दिवशी आजींच्या मुलीला खरं सांगितलं. ती म्हणाली, "मग सांगायचं ना!" आणि शनिवारी लवकर सोडलं. रविवार इथे कामाचा, म्हणून आमची मिस्सा शनिवारी. जाफाच्या सेंट अँथनीत फिलिपिनो, मल्याळी, कोकणी बाया, पाय ठेवायला जागा नाही. मराठी गीत मात्र नाही. मी मनातल्या मनात आपल्या वसईच्या नंदाखालची गाणी म्हटली. फादर दिब्रिटोंसाठी मेणबत्ती लावली. जुलैत ते गेले तेव्हा मला येता आलं नाही.

तुझ्या धाकटीचा निकाल काय लागला? घराचं काम स्लॅबपर्यंत आलं का? विहिरीचा वाद मिटवून टाक, दिराला एक हात जागा देऊन टाक.

आईला यातलं काही सांगू नकोस. तिला मी जाफाच्या चर्चचा फोटो पाठवलाय. तो २८ तारखेचा आहे, पण ती चोवीसचा समजून शेजारी दाखवत फिरतेय.

तुझी,
रोझी