व्हिएन्नातील त्या दांपत्याचे आभार

जर्मनीत शिकणारी आमची कन्या नाताळच्या सुटीत प्राग पाहून व्हिएन्नाला पोहोचली, तेव्हा 25 आणि 26 डिसेंबर या दोन्ही दिवशी तिकडे सार्वजनिक सुटी असल्याने बहुतेक दुकाने बंद होती आणि घरच्या आठवणीने तिचा जीव कासावीस झाला होता. अशा वेळी स्थानकावर तिचे फोनवरचे मराठी ऐकून ज्या दांपत्याने तिला आग्रहाने घरी जेवायला नेले, त्यांचे आम्ही सोलापूरहून मनःपूर्वक आभार मानतो. नाव सांगणे त्यांनी हसून टाळले. ज्वारीच्या गरम भाकरीवर वाढलेली शेंगाचटणी सोलापूरचीच आहे, हे मात्र तिने पहिल्याच घासाला ओळखले! संक्रांतीला सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेस आपले येणे झाल्यास आमच्याकडे जेवायला अवश्य यावे.