डिफॉल्ट खातं : चौथी ब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अनेक ऑनलाइन खाती कशी सांभाळावीत, हा कालच्या पुरवणीतला सल्ला वाचला. कामागणिक वेगळं ईमेल खातं ठेवा आणि 'सेटिंग्जमध्ये जाऊन हवं ते डिफॉल्ट करा' (म्हणजे न सांगता आपोआप उघडणारं), असं लेखकमहाशय सांगतात. केलं असतं हो! चहा गार होईपर्यंत ते बटण शोधलं. संगणकावर गूगलच्या खात्यांसाठी असं बटणच नाही. ज्या खात्याने आधी साइन इन केलं, ते सहसा डिफॉल्ट. बदलायचं तर सगळ्या खात्यांतून बाहेर पडायचं आणि हव्या त्या खात्याने आधी आत शिरायचं. एवढं लिहायला लेखात जागा नव्हती. लॅपटॉपकडे बघून हसणाऱ्या मुलीच्या फोटोला मात्र तीन कॉलम होते.

आमच्या घरी आधी आत शिरला तो नातू. २०२०च्या टाळेबंदीत सूनबाईंनी त्याच्या ऑनलाइन शाळेसाठी खातं उघडलं आणि बाईंना हजेरी घ्यायला सोपं जावं म्हणून नावापुढे 'चौथी ब' लिहिलं. पोराला आता मिसरूड फुटतंय, पण खातं चौथीतच आहे. माझं खातं दुसरं, मी मानद सचिव आहे त्या सोसायटीचं तिसरं. पत्त्याच्या पट्टीत 'यू'पुढे तिरकी रेघ आणि आकडा दिसतो, तो हा क्रमांक. मोजणी शून्यापासून, म्हणून चौथी ब शून्य आणि मानद सचिव दोन नंबरवर.

गेल्या वर्षी वार्षिक सभेच्या आधी हिशेबाच्या फाइलची लिंक उघडली, तर 'परवानगी मागा' असं आलं. स्वतःच्याच सोसायटीची फाइल! नोटीस १४ दिवस आधी जायला हवी, सभा ३० सप्टेंबरच्या आत, अशा घाईत मी परवानगी मागितली. थोड्या वेळाने सोसायटीच्या खात्यात विनंतीचा मेल आला. ऑडिटरचा असेल असं समजून न वाचताच मी ती मंजूर केली. मग बसून सिंकिंग फंडातली, म्हणजे इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी राखून ठेवलेल्या निधीतली, बेरीज दुरुस्त केली.

सभा पार्किंगमध्ये होती. समितीतलेच एक सदस्य (दर सभेला एकच प्रश्न, पण पाऊण तासाचा) मोबाइल उंचावून उभे राहिले. "सचिवसाहेब, बदलांच्या इतिहासात सिंकिंग फंडाचा आकडा चौथी ब ने बदललाय असं दिसतंय. हे कोण?" प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर जो हशा पिकला, तो अजून लिफ्टमध्ये ऐकू येतो. लिंक नातवाच्या डिफॉल्ट खात्यातूनच उघडली होती; परवानगी मागणारा मी आणि देणाराही मीच. बेरीज बरोबर होती का, हे कुणी विचारलं नाही.

त्याच रात्री सगळ्या खात्यांतून बाहेर पडलो. परत आत यायला प्रत्येकाचा पासवर्ड हवा. नातवाच्या खात्याचा पासवर्ड कुणालाच आठवेना आणि 'हे तुम्हीच का?' ही विचारणा सूनबाईंच्या फोनवर, सूनबाई रात्रपाळीला. शेवटी शेजारच्या मुलाने क्रोम ब्राउझरमध्ये प्रत्येकाचं वेगळं प्रोफाइल, म्हणजे ज्याच्या त्याच्या खात्याची वेगळी खिडकी, करून दिलं, सोसायटीला हिरवा रंग, नातवाला जांभळा. पाच मिनिटांचं काम. आपल्या अख्ख्या लेखात प्रोफाइल हा शब्द नाही.

शिवाय 'कामागणिक खातं' काढणाऱ्यांना हेही सांगायला हवं होतं की गूगलचं खातं दोन वर्षं वापरलं नाही तर ते डिलीट होऊ शकतं. २०२३च्या डिसेंबरपासून अशी खाती काढायला सुरुवातही झाली आहे. आमच्या पिढीत खाती उघडून विसरणारेच जास्त.

आता विषय निघालाच आहे म्हणून. आपल्या ई-पेपरची वर्षाची वर्गणी मी भरली ती प्रोफाइल होण्याआधी, आणि 'गूगलने साइन इन करा' दाबताना पुढे कोणतं खातं उभं होतं हे आपण ओळखलं असेलच. माझ्या खात्यातून अंक उघडला की दुसऱ्या पानावर 'सदस्य व्हा' अशी पाटी आडवी येते. वर्गणी माझ्या खात्यावर घ्या म्हणून आपल्या कार्यालयाला दोन मेल केले. 'आपली तक्रार नोंदवली आहे' असं एकच उत्तर आलं. सुरुवातीला लिहिलं होतं, 'प्रिय चौथी ब'.

आपला,
एका गृहनिर्माण सोसायटीचा मानद सचिव,
डोंबिवली (पूर्व)